इम्युनिटीचं इंजेक्शन आणि साधा थर्मामीटर

मा. संपादक,
स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीत थायमस ग्रंथीच्या पेप्टाइडवर (म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, इम्युनिटीसाठी इंजेक्शनने देतात तो) 'इन्फेक्शनपासून कवच' म्हणून अर्धं पान लेख आलाय. चित्र झकास, छातीच्या हाडामागे ती ग्रंथी कशी असते, टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) तिथे कशा तयार होतात, वय वाढलं की ती कशी आक्रसते, सगळं आलं, लेखकांचं अभिनंदन. पण केमोवाल्या पेशंटच्या घरात हे पान कोण कसं वाचणार याचा विचार कुणी केला का?

आमच्या वहिनींची ब्रेस्ट कॅन्सरची केमो चालू होती तेव्हा हेच इंजेक्शन, थायमोसिन अल्फा-1, कुणीतरी सुचवलं आणि दादाने हजारो रुपये मोजून घेतलं. त्यानंतरच्या सायकलला आठवडाभराने रात्री ताप चढला. 101 फॅरनहाइट. पुतण्या म्हणे इम्युनिटीचं दिलंय ना आता, सकाळी बघू, आणि एक क्रोसिन दिली. हॉस्पिटलने घरी सोडताना जो कागद दिला होता त्यात डाळिंब खा, बाहेरचं खाऊ नका, सगळं होतं, पण 100.4 च्या वर ताप गेला तर रात्र असो की दिवाळी असो लगेच या, हे एवढं एक वाक्य नव्हतं! सकाळी नेलं तर न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 500 च्या खाली, म्हणजे धोक्याइतक्या कमी, सरळ आयसीयू. वाचल्या, पण त्या हॉस्पिटलचं नाव काढलं तरी अजून डोकं फिरतं माझं.

केमोनंतर या पेशींचा काउंट पडतो तो मुख्यतः बोन मॅरो (हाडातला मगज, जिथे त्या बनतात) केमोने दबतो म्हणून, आणि तो वर आणायला फिलग्रास्टिमसारखी जी-सीएसएफची (मॅरोला या पेशी बनवायला लावणारी) इंजेक्शनं असतात, ती बरीच वर्षं वापरात आहेत. थायमोसिन टी-पेशींच्या बाजूचं, ते काम वेगळं. तुमच्या लेखात दोन्हीची मस्त खिचडी झालीये. अमेरिकेत एफडीएची (तिथल्या औषध नियामक संस्थेची) थायमोसिनला मंजुरी नाही हेही नाही लिहिलं, चीनमध्ये वापरतात हे मात्र दोनदा. 2011 मध्ये कोक्रेनने (औषधांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) थायमस पेप्टाइडचे कॅन्सर पेशंटवरचे 26 अभ्यास तपासले, 2736 पेशंट, आयुष्य वाढतं असा ठोस पुरावा निघाला नाही. थायमसच्या अर्काने गंभीर इन्फेक्शन थोडी कमी झाल्यासारखी दिसली हेही मान्य करतो, पण अभ्यास फार भक्कम नव्हते. आणि त्याच चीनमध्ये सेप्सिसच्या (इन्फेक्शनमुळे अवयव निकामी होऊ लागतात त्या अवस्थेच्या) 1106 पेशंटवर हे थायमोसिन देऊन पाहिलं, 2025 ला बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय मासिकात आलंय, 28 दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं, थायमोसिनवाल्यांत 23.4, न दिलेल्यांत 24.1 टक्के. ते सेप्सिसचं, कॅन्सरचं नाही, कबूल. पण लेखात 'इन्फेक्शनपासून कवच' लिहिताना एवढं तरी बघायचं!

ज्यांच्या डॉक्टरांनी विचार करून दिलंय त्यांनी ते बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पुढच्या पुरवणीत 100.4 च्या तापाचं ते वाक्य चौकटीत छापा आणि पॅरासिटामॉल घेऊन ताप दाबत बसू नका हेही त्यात टाका, एवढीच मागणी आहे.

आणि हो, त्याच पानाच्या खाली 'सात दिवसांत इम्युनिटी दुप्पट' वाली काढ्याची जाहिरात कोणी लावली? दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट, मोजली कुणी? जाहिरात विभागाला विचारून कळवाल का.

आपला,
एक जुना वाचक, नाशिक