‘एकजीव झालं’ म्हणजे नेमकं काय झालं, हे लेकरांना करून दाखवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी अंबड तालुक्यातला मोसंबीवाला शेतकरी, बारावी सायन्स झालो, पुढं शिकता आलं नाही. मुलगी आठवीला आहे. तिच्या विज्ञानाच्या अभ्यासाबद्दल लिहायचंय, पण सुरुवात ठिबकपासून करतो कारण मूलद्रव्य, संयुग, मिश्रण हा धडा मला खरा तिथंच कळला.

मोसंबीच्या आंबे बहाराला (हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलांचा हंगाम) पाणी सोडल्यावर फेब्रुवारीत बागेला कॅल्शियम नायट्रेट आणि 12:61:00 (नत्र-स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फेटवालं) अशी दोन खतं द्यायची होती. दुकानदार म्हणला दोन्ही विरघळणारीच आहेत, कशाला दोन चकरा मारता, एकाच टाकीत टाका की. मी टाकली. पहिलं विरघळलं, पाणी नितळ होतं, दुसरं ओतलं आणि काठीनं हलवतोय तोवर सगळं पांढरंफेक, नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या अन् थोड्या वेळानं बुडाला चुन्यासारखा साका. अर्धा तास हलवलं, गरम पाणी घातलं, विरघळायचं नाव नाही. तरी तसंच व्हेंच्युरीतून (ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणारी नळी) सोडलं ही माझी चूक, चार दिवसांनी बघतो तर निम्म्या झाडांचे ड्रीपर बंद. ऐन फुलोऱ्यात ॲसिड सोडून नळ्या धुण्यात आठवडा गेला.

झालं असं होतं की एका खतातलं कॅल्शियम आणि दुसऱ्यातलं फॉस्फेट जोडून कॅल्शियम फॉस्फेट तयार झालं, नवीनच संयुग, जे पाण्यात जवळपास विरघळतच नाही. म्हणून ही दोन खतं एका टाकीत कधी घालायची नसतात. कॅल्शियमसोबत सल्फेटवालं खतही नको, 00:00:50 सारखं, त्याचं जिप्सम होतं, तेही नीट विरघळत नाही.

टाकीत साका झाला त्याच संध्याकाळी मुलगी पाठांतर करत होती. दोन किंवा अधिक मूलद्रव्यांच्या रासायनिक संयोगातून तयार होतं ते संयुग, एका दमात म्हणून दाखवलं. मी विचारलं मीठ पाण्यात टाकलं तर? म्हणली संयुग. का गं? "पप्पा, एकजीव झालं ना, मीठ दिसतच नाही." आणि आपल्या टाकीत झालं ते? "ते मिश्रण, साका वेगळा दिसतोय की." बरोबर उलटं! आणि परीक्षेत याच लेकराला पैकीच्या पैकी मार्क.

साहेब, यात तिची चूक मी मानत नाही. आपण घरात कणकेत मीठ एकजीव झालं म्हणतो, चहात साखर एकजीव झाली म्हणतो, आणि पुस्तकातल्या संयुगाचं चित्रही तिच्या डोक्यात तसंच बसलं, की दिसेनासं झालं म्हणजे संयुग. कोणी करून दाखवलं नाही तर दुसरं काय बसणार. मग आम्ही दुसऱ्या दिवशी ताटलीत मीठपाणी घेऊन गच्चीवर उन्हात ठेवलं, सांजच्याला काठाला पांढरे खडे, म्हणजे मीठ होतं तसं परत निघालं, ते मिश्रणच होतं. टाकीतला साका वाळवून परत पाण्यात टाकला, तो तसाच बसून राहिला, त्यातून माझी दोन खतं काही परत निघाली नाहीत. मला काही बोलावंच लागलं नाही, तीच म्हणली, पप्पा मी उलटं सांगितलं होतं.

अजून एक गोष्ट, जी आमच्या बऱ्याच शेतकरी भावांना पण माहीत नाही. युरियाच्या गोणीवर 46 टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन, लिहिलेलं असतं, पारावर लोक म्हणतात मग बाकीची 54 टक्के काय माती भरली का. माती नाही. युरिया हे संयुग आहे, त्याचा एक रेणू 60 वजनाचा धरला तर त्यात नायट्रोजन 28, ऑक्सिजन 16, कार्बन 12 आणि हायड्रोजन 4, जगात कुठंही बनवा हेच प्रमाण, ते कमीजास्त करणं कुठल्या कंपनीच्या हातात नाही. 45 किलोच्या गोणीत साधारण 20.7 किलो नत्र येतं ते यामुळं. पण फवारणीच्या गंधकाच्या पुडीवर 80 टक्के लिहितात ते वेगळं, तिथं गंधक हे मूलद्रव्य आहे आणि उरलेलं 20 टक्के पाण्यात पसरायला वगैरे दुसरे पदार्थ मिसळलेले, ते मिश्रण, ते प्रमाण माणसानं ठरवलेलं. दोन्हीकडं टक्केच, अर्थ मात्र पार वेगळा, आणि हे आठवीच्या लेकराला कळू शकतं, मी माझ्या घरात बघितलंय.

मुलीच्या शाळेत प्रयोगशाळेचं कपाट आहे, कुलूप लावलेलं. विचारलं तर सांगतात पोर्शन संपवायचाय. अहो, लोखंडाचा कीस आणि गंधकाचा प्रयोग एका तासाचा आहे. 7 ग्रॅम कीस, 4 ग्रॅम गंधक कागदावर कालवायचं, चुंबक फिरवलं की कीस चुंबकाला, पिवळं गंधक कागदावर. मग तेच थोडंसं परीक्षानळीत तापवायचं, लाल होऊन धगधगतं आणि गार झाल्यावर काळा गोळा, त्याला चुंबक आधीसारखं ओढत नाही कारण आता ते आयर्न सल्फाइड आहे. सरांनीच करावं, उघड्यावर करावं कारण गंधकाचा धूर घशाला लागतो, आणि त्या गोळ्यावर ॲसिड टाकू नये, विषारी वायू निघतो.

मी पालकसभेत बोललोय की लेथवाल्याकडून तेल नसलेला बारीक कीस, चुंबक आणि शुद्ध गंधकाची पावडर माझ्या खर्चानं आणून देतो, फक्त एक तास द्या. बघू म्हणले. आपण हे पत्र छापलं तर पुढच्या सभेला कात्रण घेऊन जातो, आणि आपल्या जालना, परभणी, बीडकडच्या दुसऱ्या पालकांनीही आपापल्या शाळेत कपाटाच्या किल्लीची चौकशी करावी ही विनंती.

आपला,
एक मोसंबी उत्पादक शेतकरी,
ता. अंबड, जि. जालना