कलमांचं टेबल पाठ झालं म्हणजे सरकारी वकील तयार झाला असं नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या स्पर्धा परीक्षेच्या पानावर जुन्या आणि नव्या फौजदारी कायद्यांच्या कलमांचं टेबल आलं होतं, ३०२ चं १०३ झालं, ३०७ चं १०९ झालं, ४२० चं ३१८ पोटकलम ४ झालं वगैरे. उपयोगी आहे, नाही म्हणत नाही, मुलांनी ते कापून वहीत चिकटवलंय. पण सहायक सरकारी अभियोक्ता व्हायचंय त्यांचा पाया यातून पक्का होईल असं वर लिहिलं होतं, ते मला पटलं नाही, म्हणून हे पत्र. मी फौजदारी वकिली करते आणि एपीपीच्या, म्हणजे याच सहायक सरकारी अभियोक्त्याच्या, परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींना शिकवते पण, आणि दरवर्षी एकच गोष्ट दिसते की कलमाचा आकडा तोंडपाठ असतो आणि त्या कलमात सिद्ध काय करायचं असतं ते विचारलं की शांतता.

आधी त्या आकड्यांचंच बोलू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, १८६० च्या दंड संहितेत ५११ कलमं होती, इथे ३५८ आहेत, त्यामुळे सगळा कायदाच बदलला असं मुलांना वाटतं. चोरी, फसवणूक, खून, गंभीर दुखापत यांच्या व्याख्या बऱ्याच अंशी त्याच आहेत, जागा बदलल्यात. नवीन आलंय ते वेगळं शिकायला पाहिजेच, संघटित गुन्हेगारी, झुंडीने केलेला खून, शिक्षा म्हणून सामुदायिक सेवा. पण १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंड संहिताच लागते, म्हणजे आज नेमणूक झालेल्या मुलीला पुढची कित्येक वर्षं ३०२ पण चालवावं लागणार आणि १०३ पण. जुनं पुस्तक रद्दीत टाका असं कुणी सांगत असेल तर कृपया ऐकू नका.

आता मुद्द्याचं. प्रत्येक गुन्हा घटकांनी बनलेला असतो आणि सरकार पक्षाला त्यातला एकेक घटक सिद्ध करावा लागतो, वाजवी संशयापलीकडे. चोरी घ्या. जंगम वस्तू पाहिजे, ती दुसऱ्याच्या ताब्यात पाहिजे, त्याची संमती नको, अप्रामाणिक हेतू पाहिजे आणि वस्तू हलवलेली पाहिजे. पाचातलं एक जरी सुटलं तरी ती चोरी नाही. फसवणुकीत तर याहून जास्त गोंधळ होतो, कारण पैसे घेतले आणि परत दिले नाहीत एवढ्यावर लोक एफआयआर घेऊन येतात. पण फसवायचा हेतू सुरुवातीलाच होता हे दाखवावं लागतं, नंतर धंदा बुडाला आणि पैसे अडकले तर तो दिवाणी दावा. आता सुरुवातीचा हेतू दाखवायला पुरावा कुठून आणायचा, हा प्रश्न ट्रेनिंगमध्ये विचारला गेला पाहिजे, कलम नंबर नव्हे.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवते तो सदोष मनुष्यवध आणि खून यातल्या फरकावर. मुलांना मी एक साधी केस देते, भांडण झालं, एकाने काठीचा एकच फटका डोक्यात मारला, माणूस तीन दिवसांनी दवाखान्यात वारला. वर्गातून लगेच आवाज येतो, मॅडम १०३, म्हणजे खून. काहीजण म्हणतात एकच फटका आहे ना मग १०५, म्हणजे खून नसलेला सदोष मनुष्यवध. दोघंही घाई करतात. कारण उत्तर फटक्यांच्या संख्येत नसतंच, ते खुनाची व्याख्या देणाऱ्या कलम १०१ च्या पोटकलमांमध्ये असतं. १९५८ चा विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल प्रत्येकाने मूळ वाचावा, तिथे पोटात भाल्याचा एकच वार होता, माणूस दुसऱ्या दिवशी गेला, आणि सुप्रीम कोर्टाने खुनाचीच शिक्षा कायम केली. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी सरकार पक्षाने काय काय सिद्ध करायचं त्याच्या पायऱ्याच सांगितल्यात. शरीरावर जखम होती का, ती कुठे आणि कशा स्वरूपाची होती, नेमकी तीच जखम करायचा हेतू होता का, की चुकून लागली किंवा दुसरीच करायची होती, आणि शेवटी, ती जखम निसर्गक्रमाने मृत्यू घडवायला पुरेशी होती का. मारून टाकायचा हेतू वेगळा सिद्ध करायची गरज तिथे नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांना पचायला वेळ लागतो आणि लागू दे, तो वेळ द्यायलाच पाहिजे.

आणि ही शेवटची पायरी नुसती थिअरी नाहीये हो. ती सिद्ध होते डॉक्टरच्या साक्षीत. डॉक्टर पिंजऱ्यात उभे असतात, पोस्टमॉर्टेम नोट्स दाखवल्या जातात, सह्या ओळखल्या जातात, मृत्यूचं कारण हेड इंज्युरी असं येतं आणि सरकारी वकील बसून जातो. ही जखम निसर्गक्रमाने मृत्यू यायला पुरेशी होती का, हा एक प्रश्न विचारायचा राहून जातो. मग युक्तिवादाच्या वेळी बचावाचा वकील तेवढंच बोट ठेवतो आणि खून १०५ वर येतो, कधी त्याच्याही खाली ११७ च्या गंभीर दुखापतीवर. जन्मठेप आणि जास्तीत जास्त सात वर्षं, एवढा फरक. मयताच्या घरच्यांना वाटतं आरोपीने पैसे चारले, आणि खरं कारण न विचारलेला एक प्रश्न असतं. मला या गोष्टीचा मनापासून त्रास होतो.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी दोषारोपपत्र हातात आल्या आल्या एक कागद करायला लावते, एका बाजूला घटक, समोर तो कुठला साक्षीदार सांगणार, त्याच्यासमोर कुठला कागद किंवा मुद्देमाल. ज्या घटकासमोर जागा रिकामी राहिली तिथे केस पडणार हे पहिल्या दिवशी कळतं, निकालाच्या दिवशी नाही. आता तर नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम २० ने सात वर्षं किंवा जास्त पण दहाच्या आतल्या शिक्षेच्या खटल्यांत पोलिसांचा रिपोर्ट छाननी करायचं काम अभियोग उपसंचालकांवर टाकलंय. ही छाननी कशी करायची हे कुणीतरी शिकवायला नको का?

पुराव्याच्या कायद्यात तीन-चार जागा आहेत जिथे नवीन माणूस हमखास अडखळतो. आरोपीने पोलिसांसमोर दिलेल्या कबुलीचं बघा. साक्ष अधिनियमाच्या, म्हणजे नव्या पुरावा कायद्याच्या, कलम २३ प्रमाणे पोलिसांकडची कबुली पुराव्यात चालत नाही, पण त्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो, जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७. तेवढा म्हणजे किती? १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टाने, पुलुकुरी कोटय्याच्या केसमध्ये याचं उत्तर देऊन ठेवलंय. चाकू मी घराच्या छपरात लपवलाय, काढून देतो, हे चालेल, पण त्याच चाकूने मी अमक्याला भोसकलं हे शब्द चालणार नाहीत, कारण भोसकणं काही छपरात सापडलेलं नाही. तरीपण मेमोरँडम पंचनामा, म्हणजे आरोपीचं ते सांगणं पंचांसमोर लिहून घेतलेला कागद, पंचाकडून जसाच्या तसा वाचून घेणारे सरकारी वकील मी पाहिलेत. जज तो भाग गाळतात आणि मग हातात राहतो फक्त एक चाकू, त्यावर रक्त कुणाचं याचा रिपोर्ट नसेल तर तोही कामाचा नाही.

साक्षीदार फितूर झाला की केस संपली असं समजणं हे दुसरं. कोर्टाच्या परवानगीने त्याला उलटतपासासारखे प्रश्न विचारता येतात, पोलिसांना दिलेल्या जबाबाशी विसंगती समोर आणता येते, आणि मुख्य म्हणजे फितूर साक्षीदाराची साक्ष पुसली जात नाही, त्यातला विश्वासार्ह भाग कोर्ट घेऊ शकतं, हे सुप्रीम कोर्टाने १९७६ पासून सांगितलेलं आहे. तो जागेवर हजर होता, भांडण झालं, एवढं जरी त्याने कबूल केलं तरी ते दुसऱ्या साक्षीदाराला आधार देतं. पण त्यासाठी चिडून न जाता शांत डोक्याने विचारायला लागतं. पोलिसांकडचा जबाब हा स्वतः पुरावा नसतो, तो फक्त खंडनासाठी वापरायचा, हे पण इथेच पक्कं करून घ्यावं. सीसीटीव्ही, मोबाईल वगैरेचं थोडक्यात सांगते, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट नसेल तर कॉपी केलेलं फुटेज बाहेर जातं, आता त्याचे दोन भाग आहेत आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो, तो आहे का ते पहिल्या तारखेलाच बघा.

परिस्थितीजन्य पुराव्यावर चालणाऱ्या केसेससाठी शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४. पंचशील म्हणून ओळखली जाणारी पाच तत्त्वं परीक्षेत सगळे लिहितात. त्याच निकालात अजून एक गोष्ट आहे जी कुणी लिहित नाही, की जी परिस्थिती कोर्टाने आरोपीला त्याच्या कोर्टातल्या जबाबात विचारलीच नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. हा जबाब म्हणजे जुनं ३१३, आताचं ३५१. ते प्रश्न काढायला कोर्ट सरकारी वकिलाची मदत घेऊ शकतं असं कायद्यातच आहे. ही मदत करायला शिकवलंय का कुणी?

आणि आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. एपीपी म्हणजे पोलिसांचा वकील नाही. १९९५ मध्ये एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सुप्रीम कोर्टाने आपल्याच राज्याला सांगितलं की सहायक सरकारी वकिलांना पोलीस खात्याच्या प्रशासकीय ताब्यातून बाहेर काढा, वेगळं खातं करा. ते झालं, पण मनातून ते बाहेर निघालेत का, हा प्रश्न राहतोच. १९९९ च्या शिवकुमार विरुद्ध हुकमचंद निकालात कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की सरकारी वकिलाने काहीही करून शिक्षा लावायचीच अशी तहान ठेवायची नाही, आरोपीच्या बाजूची खरी गोष्ट असेल तर तीही कोर्टापासून दडवायची नाही. माझे काही विद्यार्थी यावर वाद घालतात, मॅडम मग समोरचा वकील कशाला आहे. मी त्यांना सांगते की समोरचा वकील आरोपीचा आहे, तुम्ही मात्र लोकांचे आहात आणि त्या लोकांमध्ये आरोपी पण येतो. खटला मागे घ्यायचा अर्ज, जुनं ३२१ आता ३६०, तिथे तर वरून आलेल्या पत्राखाली सही करणं हे काम नाहीच, स्वतः फाईल वाचून स्वतःचं मत बनवायचं असतं आणि मग कोर्टाची संमती मागायची असते.

माझं तुमच्याकडे आणि तुमच्या वाचकांतल्या अधिकाऱ्यांकडे एक मागणं आहे. २०१४ मध्ये गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या निकालात, एका लहान मुलीच्या खुनातला आरोपी तपासातल्या आणि खटल्यातल्या चुकांमुळे सुटला तेव्हा, सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलं होतं की प्रत्येक निर्दोष सुटकेची कारणं तपासा आणि त्यातून निघालेल्या चुका ट्रेनिंगमध्ये शिकवा. हाच खरा सिलॅबस आहे. नवीन नेमणूक झालेल्यांना पडलेल्या केसेसच्या फाईली द्या, साक्षी वाचायला लावा, कुठला घटक कुठे सुटला ते त्यांच्याकडूनच शोधून घ्या, अनुभवी सरकारी वकिलाच्या शेजारी बसवून आधी डॉक्टरचा, पंचाचा सरतपास, म्हणजे आपल्या साक्षीदाराची पहिली तपासणी, घ्यायला द्या, मग युक्तिवादाचं बघू.

आणि तुमच्या पानावर टेबलाऐवजी आठवड्याला एक निकाल छापा ना, मूळ हकीकत, कोर्टासमोरचा प्रश्न आणि कुठला पुरावा कमी पडला किंवा पुरला, बास. तसंच बातमीत 'पुराव्याअभावी निर्दोष' एवढंच न लिहिता कुठल्या मुद्द्याचा पुरावा नव्हता ती एक ओळ निकालातून घेऊन छापली तर माझे विद्यार्थी तुमचा पेपर रोज वर्गात घेऊन येतील. सुरुवातीचे निकाल निवडून, सोप्या मराठीत लिहून द्यायला मी तयार आहे, मानधन नको.

आपली,
एक वकील वाचक