मीटरसोबतचं पत्र

प्रिय मनू,

मल्टिमीटर पाठवतोय. बॉक्सच्या तळाला कागदात गुंडाळलेलं एक जळकं प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरचं टोक, आहे, ते फेकू नकोस, आधी हे वाच.

चाकणला पहिल्याच आठवड्यात तुला पॅनल उघडायला दिलं म्हणालीस, ऐकून खूप बरं वाटलं आणि रात्रभर झोपही लागली नाही.

ते प्रोब माझंच आहे. तुझा जन्म व्हायचा होता तेव्हाची गोष्ट, मी भोसरीत मेंटेनन्सला होतो. सकाळी एका मशीनचा करंट बघायला मीटरची लाल वायर, म्हणजे लीड, १० अँपिअरच्या होलमध्ये लावली, तेवढ्यात चहा आला म्हणून मीटर तसंच ठेवलं, मग तासाभराने तेच उचलून दुसऱ्या पॅनलला गेलो, नॉब व्होल्टवर फिरवला आणि दोन फेजला टोकं लावली. नॉब बरोबर होता गं, लीड चुकीच्या होलमध्ये होती. तिथे मीटरचा रेझिस्टन्स जवळजवळ शून्य असतो, म्हणजे मी ४१५ व्होल्टवर वायरचा तुकडाच आडवा टाकला. त्यात मीटरच्या आत कुणीतरी साधा काचेचा फ्यूज बसवलेला, तो एवढ्या मोठ्या फॉल्टला वितळतो पण आतला आर्क, म्हणजे पेटलेली ठिणगी, विझवू शकत नाही. टोक बघ, ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा झालाय. भुवया गेल्या, डोळे चष्म्यामुळे वाचले.

म्हणून तुझं मीटर घ्यायला तापकीर गल्लीत तीन दुकानं फिरलो आणि दुकानदारासमोरच मागचं झाकण उघडून बघितलं. आत सिरॅमिकचा वाळू भरलेला एचआरसी फ्यूज आहे, म्हणजे मोठा फॉल्टही तोडू शकणारा. उडाला तर याच प्रकारचा नवा टाकायचा, दुसरा नाही, आणि वायर गुंडाळून तर कधीच नाही. होलांशेजारी कॅट थ्री ६०० व्होल्ट लिहिलंय, कॅट म्हणजे मीटर कुठे लावता येतं त्याची श्रेणी. कॅट टू घरातल्या सॉकेटपुरतं, डीबी म्हणजे डिस्ट्रिब्युशन बोर्ड आणि पॅनलला कॅट थ्री, आणि बाहेरून सप्लाय आत येतो तिथे कॅट फोर लागतं. व्होल्ट तेवढेच असले तरी सप्लायच्या जितकं जवळ जाशील तितका फॉल्टचा करंट आणि सर्ज मोठा, त्यामुळे इनकमरला, म्हणजे सप्लाय आत येतो तिथे, हे मीटर लावू नकोस, तिथलं काम सिनिअरकडे.

आता मला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते ते सांगतो. मीटर शून्य दाखवतं ते दोन कारणांनी, एक तर सप्लाय नाही, नाहीतर लीड आतून तुटलीय. स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून स्विच बंद करून स्वतःचं कुलूप लाव, चावी खिशात, मग आधी चालू असलेल्या पॉइंटवर मीटर लावून ते दाखवतंय ना बघ, मग तुझ्या पॅनलला तिन्ही फेज आपसात, फेज न्यूट्रल, फेज अर्थ सगळं तपास, आणि परत त्या चालू पॉइंटवर जाऊन बघ. ही शेवटची फेरी सगळे टाळतात, अर्धा मिनिट लागतो फक्त, तू टाळू नकोस. खिशातल्या टेस्टरवर भरवसा नाही, तो आपल्याच अंगातून करंट नेऊन पेटतो, रबर मॅटवर उभी असलीस किंवा उजेड जास्त असला तर दिवा दिसतच नाही. आणि मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह असेल तर बंद केल्यावर त्यावर लिहिलेली मिनिटं पूर्ण थांब, कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो, तो उतरलाय का ते डीसीवर मोजूनच हात घाल.

आजीने दिलेलं चांदीचं कडं ड्यूटीवर जाताना काढून ठेव, मी आजीशी बोललोय, तिला वाईट वाटणार नाही.

रविवारी येशील तेव्हा आयटीआयच्या जुन्या लीड्स घेऊन ये. मीटरचा बझर चालू ठेवून त्या टोकापासून टोकापर्यंत वाकवून बघू, मध्ये कुठे आवाज तुटला तर तिथल्या तिथे कापून टाकू.

तुझे
बाबा