जिन्याखालचे मीटर आणि उतरायची एकच वाट

संपादक महोदय,

६ डिसेंबर २०२५ च्या रात्री गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबला लागलेल्या आगीत २५ माणसे गेली. त्यांतली बहुतेक तिथेच कामाला होती आणि कित्येकांचा जीव तळघरातल्या धुरात गुदमरून गेला. तेव्हापासून किनाऱ्यावरचे क्लब आणि त्यांचे परवाने यांविषयी पुष्कळ छापून आले, आणि ते यायलाच हवे होते. मला मात्र ते वाचताना आमच्या फोंड्यातले जिने दिसतात. मी वायरमन आहे. वरचा बाजार, तिस्क, खडपाबांध, ढवळी इथल्या जुन्या इमारतींत माझे रोजचे काम.

या इमारतींची ठेवण ठरलेली. तळाला दुकाने, वर दोन-तीन मजले, जिना एकच, आणि जिन्याच्या पायथ्याशी सगळ्या बिऱ्हाडांचे मीटर एका लाकडी फळीवर. फळीला टेकून स्कूटर. तिच्यामागे कुणाची जुनी गादी, रद्दीचे गठ्ठे, दुकानदाराचे रिकामे खोके. आता त्यात इलेक्ट्रिक स्कूटरची भर पडली आहे. तिथूनच वायर ओढून ती रात्रभर चार्जिंगला लावतात. म्हणजे ठिणगी पडण्याची भीती जिथे जास्त, तिथेच जळाऊ सामान, आणि बाहेर पडायची वाटही तिथूनच.

एमसीबी, म्हणजे आपोआप पडून वीज तोडणारे बटण, बसवला म्हणजे आता काळजी नाही, असे लोकांना वाटते. एमसीबी पडतो तो लोड वाढला तर किंवा शॉर्ट झाले तर. जोडाचा स्क्रू ढिला असेल तर करंट नेहमीएवढाच वाहत असतो, त्यामुळे एमसीबीला काहीच कळत नाही आणि जोड तापत राहतो. आपल्याकडे चार महिने पाऊस. अ‍ॅल्युमिनियमच्या केबलवर पांढरी भुकटी चढते आणि कॉन्टॅक्ट आणखी बिघडतो. गेल्या पावसात एका इमारतीत जळका वास येतो म्हणून मला बोलावले. मेन बंद करून पाहिले तर न्यूट्रलचा स्क्रू बोटांनी फिरत होता. टर्मिनलचे प्लास्टिक तपकिरी पडून बिस्किटासारखे ठिसूळ झालेले, वायरचे आवरण बोटभर वितळलेले, आणि तिथून वीतभर अंतरावर स्कूटरची सीट. पहिल्या मजल्यावर शिकवणी चालू होती, मुलांच्या चपला जिन्याच्या पायऱ्यांवर पडल्या होत्या. घराघरांत पंखे फिरत होते, टीव्ही चालू होते. काही बिघडले आहे असे वाटायला कुणाला कारणच नव्हते.

एमसीबी सारखा पडतो, मोठा घालून द्या, असे सांगणारे गिऱ्हाईकही नेहमी भेटते. अडीच एमएमच्या वायरीवर ३२ अँपिअरचा एमसीबी घातला तर वायर जळत राहील आणि एमसीबी बघत बसेल. मी घालत नाही. मग दुसरा कुणी तरी घालून देतो, हे मला माहीत आहे.

स्कूटरच्या सीटचा फोम, टायर, प्लास्टिक यांचा धूर काळा आणि विषारी असतो, आणि वर चढायला त्याला जिन्याचीच वाट सापडते. म्हणून वरच्या मजल्यावरच्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे : जिन्यात धूर भरला असेल तर त्यातून खाली धावू नका. दार लावून घ्या, फटीला ओली चादर लावा, रस्त्याकडच्या खिडकीपाशी या आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. तिथेही बहुतेक घरांत चोराच्या भीतीने बसवलेले लोखंडी ग्रिल आडवे येते. त्याला उघडणारी झडप करून घ्या आणि तिची किल्ली शेजारीच, लहान मुलालाही माहीत असलेल्या खिळ्याला लावा.

बाजारातली काही दुकाने रात्री बाहेरून शटर ओढून कुलूप लावतात आणि कामाची परगावची मुले आत पोटमाळ्यावर झोपलेली असतात. मालकाला विचारले की म्हणतो, माल आहे आत. बाहेर पडायचे दार किल्लीशिवाय आतून उघडले पाहिजे, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. दुसऱ्याच्या लेकराला रात्रभर कोंडून ठेवण्याचे कुठलेही कारण मला पटत नाही. बेतोडा, कुंडई, मडकईच्या कारखानदारांनीही आपले मागचे दार रात्रपाळीत खरोखर उघडते का, ते स्वतः जाऊन बघावे.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली आहे. मखराच्या माळा, फोकस, पंखा, सगळे एकाच पाच अँपिअरच्या प्लगवर चढते. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीची पाने दिवसागणिक सुकत जातात आणि खाली समई तेवत असते. समई माटोळीच्या बरोबर खाली नको, आणि निजताना माळा बंद करा. नेवऱ्या (करंज्या) तळताना कढईने पेट घेतला तर पाणी ओतू नका. गॅस बंद करून वर झाकण ठेवा आणि कढई हलवू नका. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण चालूही करू नका, बंदही करू नका. दारेखिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ ला कळवा. सिलिंडरचा हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो.

फोंडा नगरपालिकेला माझी विनंती आहे की, दुकानांचे परवाने नूतनीकरणाला येतील तेव्हा नुसते कागद न बघता एक माणूस पाठवून जिना आणि मागचे दार पाहावे. सोसायट्यांनी चवथीआधीच्या एखाद्या रविवारी मीटरसमोरची तीन फूट जागा मोकळी करून तिथे पिवळी रेघ मारावी, स्कूटर बाहेर लावाव्यात. पाऊस सरला की मीटरच्या पुढचे, म्हणजे घरांकडे जाणारे, सगळे जोड माहीतगार वायरमनकडून कसून घ्यावेत. मीटरच्या अलीकडचे, म्हणजे मीटरपर्यंत येणारे, वीज खात्याला कळवावेत. एका इमारतीचे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

आपला,
एक वायरमन, फोंडा