बरला हॅमिल्टनने हरवले नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतला अमेरिकेचा तेव्हाचा उपाध्यक्ष ॲरन बर आणि फेडरलिस्ट पक्षाचा नेता अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या द्वंद्वयुद्धावरचा लेख वाचला. ११ जुलै १८०४ची सकाळ त्यात चांगली उतरली आहे. पण त्याआधीच्या न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीची ‘हॅमिल्टनच्या विरोधामुळे बर हरला’ एवढ्यावर बोळवण केली आहे. हे मला मुळीच पटले नाही.

एप्रिल १८०४ची ती लढत एकाच पक्षातल्या दोन गटांची होती. बर आणि मॉर्गन लुईस हे दोघेही राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या रिपब्लिकन पक्षाचे (हा आजचा रिपब्लिकन पक्ष नव्हे). हॅमिल्टनच्या फेडरलिस्ट पक्षाने स्वतःचा उमेदवारच दिला नव्हता. बरला मत देऊ नका, असे हॅमिल्टनने आपल्या लोकांना परोपरीने सांगितले, तरी अनेक फेडरलिस्टांनी बरलाच मते दिली. खुद्द न्यूयॉर्क शहरात, म्हणजे हॅमिल्टनच्या घरच्या मैदानात, बर थोडा पुढेच होता. तो बुडाला राज्याच्या इतर भागांत. लुईसला सुमारे ३०,८०० मते पडली, बरला सुमारे २२,१००.

असे का झाले, याचे उत्तर राज्याची राजधानी ऑल्बनी इथल्या नेमणूक मंडळात शोधायला हवे. गव्हर्नर आणि राज्याच्या सिनेटमधले चार सदस्य एवढ्यांचे हे मंडळ. राज्यातले न्यायाधीश, शेरीफ, इतकेच काय न्यूयॉर्कचा महापौरसुद्धा तेच नेमत असे. १८०१मध्ये राज्याची घटना परिषद भरली आणि नावे सुचवण्याचा हक्क एकट्या गव्हर्नरचा नसून मंडळातल्या प्रत्येकाचा आहे, असे तिने ठरवले. त्या परिषदेचा अध्यक्ष बरच होता! या निर्णयाचा फायदा मात्र गव्हर्नर जॉर्ज क्लिंटनचा पुतण्या डेविट क्लिंटन याने उठवला. फेडरलिस्टांना काढून पदे क्लिंटन आणि लिव्हिंग्स्टन या दोन घराण्यांच्या माणसांत वाटली गेली. बरच्या माणसांच्या हाती फारसे काही लागले नाही. तिकडे १८००च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जेफरसन आणि बर यांना सारखीच मते पडल्यानंतर जेफरसनचाही बरवर विश्वास उरला नव्हता. फेब्रुवारी १८०४मध्ये उपाध्यक्षपदासाठी बरऐवजी जॉर्ज क्लिंटनचे नाव पुढे आले. गव्हर्नरपद ही बरची शेवटची आशा होती.

बरविरोधी क्लिंटन-लिव्हिंग्स्टन गटाने आधी जॉन लान्सिंगला उभे केले. त्याने माघार घेतल्यावर मुख्य न्यायमूर्ती लुईसची निवड झाली. लुईसची पत्नी लिव्हिंग्स्टन घराण्यातली, म्हणजे दोन्ही घराणी आपोआप एका बाजूला. जेम्स चीटमचे ‘अमेरिकन सिटिझन’ हे वृत्तपत्र बरवर सतत तुटून पडत होते. राष्ट्राध्यक्षपद लाटण्याचा बरने डाव रचला, हा चीटमचा आवडता आरोप. एवढ्या तयारीपुढे हॅमिल्टनच्या खासगी पत्रांचे वजन ते किती?

या निवडणुकीचा पुढचा भाग लेखात यायला हवा होता, असे मला मनापासून वाटते. जिंकलेल्या लुईसचे क्लिंटन गटाशी लवकरच फाटले. १८०७मध्ये नेमणूक मंडळाने डेविट क्लिंटनला महापौरपदावरून काढले. त्याच वर्षी क्लिंटन गटाने डॅनियल टॉम्पकिन्सला उभे करून लुईसला गव्हर्नरपदावरून घालवले. भांडण पुन्हा एकाच पक्षातले आणि त्याच नेमणुकांवरचे. हे मंडळ अखेर १८२१च्या घटना परिषदेने रद्द केले. तोवर त्याच्या हातातली लहानमोठी पदे १५,००० च्या घरात गेली होती.

आपला,
एक वाचक, सांगली