मिश्री लावणाऱ्या आजींना आरोग्य योजनेत जागा द्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

‘गुटखा, खैनी खाता का?’ असे विचारले की सातारा-सांगलीच्या खेड्यातली मिश्री लावणारी आजी ‘नाही’ म्हणते, आणि ती खोटे बोलत नसते. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू ती बोटाने हिरड्यांना लावते. तिच्या लेखी ते दात घासणे. तीस वर्षांपुढच्या सर्वांसाठी आशाताई जो तपासणी फॉर्म भरतात, त्याच्या राष्ट्रीय नमुन्यात उदाहरणे गुटखा आणि खैनीचीच आहेत. रोज तंबाखू घेणाऱ्याला तिथे 2 गुण पडतात आणि एकूण 4 च्या वर गुण गेले की तपासणीला प्राधान्य मिळते. या एका उत्तरामुळे आजीचे 2 गुण जातात.

2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातल्या सुमारे 17 टक्के स्त्रिया तंबाखू घेणाऱ्या आढळल्या, त्यातल्या बहुतेक सगळ्या बिनधुराची. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे. तरीही मिश्री घराघरात आहे. दारूविरुद्ध गावाला निदान ‘आडवी बाटली’चे मतदान मागता येते, मिश्रीबद्दल ग्रामसभेत कोणी बोलतसुद्धा नाही.

म्हणून फॉर्ममध्ये वेगळा प्रश्न हवा: मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा, उठल्यावर पहिल्यांदा किती वेळाने? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सवय घट्ट आहे असे समजावे. रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास मिश्री लावलेली नसावी, नाहीतर आकडा उगाच चढा येतो. तोंड तपासताना कवळी काढायला सांगावी. खालचा ओठ बाहेर ओढून हिरडी आणि ओठामधली खाच पाहावी, कारण पूड साचते ती तिथेच. घाईच्या शिबिरात नेमकी हीच जागा राहून जाते. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा दोन आठवड्यांत न भरलेला व्रण असला, तर त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे पाठवावे.

सोडवणे अवघड का जाते, ते शिबिरातल्या भाषणात कधी येत नाही. मिश्री बंद केली की पहिले तीन-चार दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही आणि पोट साफ होत नाही. बऱ्याचजणी या पोटासाठीच परत डबी उघडतात. तेव्हा पहिल्या दिवसापासून इसबगोल, पाणी, पालेभाजी सांगायला हवी आणि दुखऱ्या दातावर आधी उपचार व्हायला हवेत; दात दुखतो म्हणूनही मिश्री सुरू होते. निकोटिनचे च्युइंगगम कवळीला चिकटते, दात नसतील तर चावताच येत नाही. या वयाला निकोटिनची चघळायची गोळी किंवा त्वचेवर चिकटवायची पट्टी बरी. हृदयविकार असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली. निकोटिन उपचार 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीत आहेत. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाले पाहिजेत, कारण साठीपुढची बाई त्यासाठी तालुक्याला जाणार नाही.

हिरड्या सुटल्या, दात गेले की भाकरी, शेंगदाणे, उसळ सुटते. प्रथिने कमी पडली की स्नायू झिजतात, तोल जातो, आणि मग पडून खुब्याचे हाड मोडते. मिश्रीचा विषय म्हणूनच ज्येष्ठांच्या आरोग्य कार्यक्रमातही यायला हवा. तो कर्करोगापुरता ठेवू नये.

मिरज आणि साताऱ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांकडे यावर संशोधन सोपवावे. आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या दिवशी आणि पुढे सहा महिने दरमहा भेट द्यावी. या भेटींचा वेगळा मोबदला त्यांना मिळावा. ‘सोडली’ या शब्दावर न थांबता लाळेतले कोटिनिन (शरीरात निकोटिनपासून तयार होणारा पदार्थ) तपासावे, पण पट्टी किंवा गोळी चालू असताना नव्हे, कारण त्यांच्यामुळेही ते आढळते. सहाव्या महिन्याचा आकडाच खरा धरावा.

पुढच्या तपासणी फेरीपूर्वी फॉर्ममधला प्रश्न बदलण्याचा आदेश काढावा, ही विनंती.

आपले,
सातारा-सांगलीत ज्येष्ठांच्या आणि तोंडाच्या आरोग्यासाठी काम करणारे आम्ही