नवजाच्या मामांना, सांगलीहून

तीर्थस्वरूप मामा,
सा. न. वि. वि.

श्रावणातल्या एका रविवारी ओझर्डे धबधब्याला सांगलीहून आलेलं, तुम्ही वाट दाखवलेलं आमचं टोळकं तुम्हाला आठवत असेलच. ज्या ताईला दिसत नाही, तिच्यामुळं तर नक्की आठवेल. निघताना आम्ही तुमचे आभार मानले होते, पण ते भर पावसात, गाडीचं दार धरून, घाईघाईत. तेवढ्यावर माझं समाधान झालेलं नाही. म्हणून हे पत्र. ते उघड लिहितेय, कारण ज्यांच्या घरात किंवा मित्रमंडळीत दृष्टी नसलेलं कुणी आहे त्यांनी ते वाचावं असं मनापासून वाटतं.

आम्हा सांगलीकरांना तुमचं नवजा, कोयना धरणाजवळचं गाव, माहीत असतं ते आकड्यांतून. जुलै उजाडला की पेपरात आधी तीन नावं शोधायची: कोयना, नवजा, महाबळेश्वर. गेल्या चोवीस तासांत किती मिलिमीटर? मग धरणात किती टीएमसी, विसर्ग किती क्युसेक आणि शेवटी आयर्विन पुलाजवळ कृष्णा किती फुटांवर. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेलं. माझ्या मैत्रिणीचं, म्हणजे त्याच ताईचं, घर गावभागात. तो सगळा पूर तिनं नातेवाइकांच्या माडीवर बसून, बातम्या ऐकत काढला. घर धुऊन-पुसून पुन्हा लागलं, ती बँकेत परत रुजू झाली, पण तेव्हापासून तिनं एकच धरून ठेवलं होतं: दारात येणारं हे पाणी जिथं पडतं ते जंगल एकदा बघायचं.

पेठनाक्यावर महामार्गाला लागलो तेव्हा चक्क ऊन होतं. कराड सोडलं, मल्हारपेठ गेलं, पाटणला भुरभुर सुरू झाली आणि हेळवाकपर्यंत धुकं थेट काचेला येऊन टेकलं. ती सगळा रस्ता खिडकी उघडी ठेवून बसली होती. उसाच्या रानाचा वास कुठं संपला आणि चिखलणीचा कुठं सुरू झाला, हे ती आम्हाला सांगत होती.

फाटकापाशी गर्दी होती. ओळख ना पाळख, एका पर्यटकानं मला विचारलं, "ह्या खालीच बसणार ना?" ती माझ्या शेजारी उभी असताना हा प्रश्न मला! तिला त्याची सवय आहे. हॉटेलात वेटर विचारतो, "यांना काय आणू?" रिक्षावाला विचारतो, "यांना कुठं सोडायचं?" मामा, तुम्ही पुढं आलात आणि थेट तिच्याशी बोललात. "ताई, डोंगरात कधी चाललाय का? कुठल्या हाताला धरू?" ती म्हणाली, "तुम्ही मला धरू नका, मीच तुमचं कोपर धरते." तुम्ही लगेच कोपर पुढं केलंत आणि अर्धं पाऊल पुढं उभे राहिलात. हे असंच करायचं असतं. हात धरून ओढलं की माणसाचा तोल जातो. कोपर धरलं की पुढच्याच्या अंगावरून चढ-उतार आपोआप कळतो. भल्याभल्यांना हे सांगून समजत नाही.

"आता पायरी. वल्ली हाय. दोन पावलं सपाट. उजव्या हाताला दगूड, कमरंएवढा." बस्स, एवढंच. उगाच "जपून, जपून" नाही की "अगंबाई" नाही. आम्ही दिसणारे मागं घसरत होतो आणि तुम्ही दोघं गप्पा मारत वर चालला होता.

गप्पा म्हणजे काय, तुम्ही तिला जंगल हातात देत होता. एक पान धरून म्हणालात, "टोकावरनं बोट फिरवा." पानाचं टोक लांब निमुळतं निघालेलं, त्यावरून पाणी थेंबाथेंबानं गळत होतं. इथं इतका पाऊस की पानावर पाणी साचून राहिलं तर पान टिकायचं नाही, म्हणून ते असं ओघळून जायला वाट लागते. मग एका खोडाला तिचे दोन्ही हात लावलेत. एका अंगाला शेवाळ बोटभर जाड, दुसऱ्या अंगाला साल उघडीच. "शेवाळाकडनं पाऊस येतोय. तकडं कोकण." ती तिथंच वळून उभी राहिली, तोंड बरोबर पश्चिमेला. तो प्रदेश मी शाळेपासून नकाशात बघत आलेय, पण दिशा अशी अंगाला कळताना मी पहिल्यांदा पाहिली.

अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा ही नावं तुम्ही खोडाखोडाशी थांबून सांगितलीत. गारंबीची वेल तिला कवेत धरायला लावलीत. पाऊस थांबला तरी आम्ही भिजतच होतो, तेव्हा म्हणालात, "वरचा थांबलाय. आता झाडांचा पडतोय." आणि खाली बसून तिचा हात पालापाचोळ्यात घातलात, मनगटापर्यंत. वर ओली पानं, त्याखाली कुजलेली, त्याखाली मऊ काळी माती. "समदं पाणी ह्यात मुरतंय आन् दमादमानं खाली येतंय. म्हणून दिवाळीनंतरबी वढं चालू असत्यात. जंगल नसतं तर एका दमात आलं असतं तुमच्याकडं." पुरावर मी पुष्कळ वाचलंय, चर्चाही ऐकल्यात. पण हे असं मनगटभर मातीत हात घालून कुणी सांगितलं नव्हतं.

जळूचं तर मला लिहायलाच हवं. आम्ही सगळे मिठाच्या पुड्या घेऊन पाय झाडत होतो आणि तिनं विचारलं, "मामा, जळू कशी असते?" तुम्ही तुमच्या पायावरची काढलीत आणि तिच्या तळहातावर ठेवलीत. एक टोक चिकटवायची, अंग कमानीसारखं उचलायची, मग दुसरं टोक पुढं. कुणी वीत टाकत कापड मोजावं तशी ती जळू तळहात पार करत होती. मैत्रीण श्वास रोखून उभी. चावायच्या आत तुम्ही ती अलगद काढून पाचोळ्यात सोडलीत, मारली नाहीत. ती गोष्ट ती आता बँकेत प्रत्येकाला सांगते.

मध्येच कुणी पोरगं शीळ घालत चाललंय असं वाटलं. "शीळकरी कस्तूर," तुम्ही म्हणालात, "वढ्याकडंला असतोय." आमच्या कुणाच्याही नजरेला तो पडला नाही. तिथं आम्ही सगळे सारखेच होतो.

धबधब्यासमोर वाऱ्याबरोबर तुषार असे येत होते की आम्हालाही अर्धा वेळ पांढऱ्या धुरापलीकडं काही दिसेना. तुम्ही तिचा हात उलटा करून तळहातावर बोटानं काढून दाखवलंत: हा वरचा कडा, इथून पडतं, इथं कातळाच्या थरावर आपटून फुटतं, इथं डोह. मग कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलंत. एका बाजूला छातीत घुमणारा आवाज, दुसऱ्या बाजूला वरच्या धारेची सळसळ. तिनं जागा निवडली आणि तिथं मनसोक्त उभी राहिली. डोहाकडं उतरू पाहणाऱ्या पोरांना तुम्ही तेवढ्यात दोन शब्दांत अडवलंत, तेही आठवतंय.

परत येताना ती पुराचं बोलली. तुम्ही म्हणालात, "तुमच्या घरात कोयना शिरली. आमची भाताची खाचरं तिच्या पोटातच हायत." धरणात तुमच्या वडिलांची जमीन गेली, तेव्हाची हकीकत तुम्ही तिला सांगितलीत. त्या वेळी आम्ही थोडे मागं राहिलो. तुमच्या दोघांच्या बोलण्यात आमचं काम नव्हतं.

घरी आल्यावर मी वाचलं, की हे जंगल 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत त्याचं नाव लागलं. तुम्ही यातलं काही सांगितलं नाहीत. तुम्ही शेवाळ आणि माती दाखवलीत, आणि आमचं त्याच्याशी नातं जुळलं ते त्यामुळं.

मामींनाही नमस्कार सांगा. नाचणीची भाकरी आणि भारंगीची भाजी वाढताना त्यांनीसुद्धा ताट तिला समजावून दिलं: "उजवीकडं ठेचा हाय, बेतानं घ्या, लई तिखट हाय." तुमच्या घरात ही रीतच आहे असं दिसतं. आम्ही ठरलेल्यापेक्षा जास्त दिलेले पैसे तुम्ही परत केलेत. ते आम्हाला आवडलं नाही, हे स्पष्ट लिहिते. अख्खा दिवस एका माणसासाठी दिलात, त्याचं मोल घ्यायलाच हवं होतं.

एक काम आहे. तिच्या ओळखीतल्या, दृष्टी नसलेल्या आणखी काही जणांना दिवाळीनंतर यायचंय, ओढे वाहते असेपर्यंत. प्रत्येकाला एकेक कोपर लागेल, तर गावातली चार पोरं तुम्ही तयार करून ठेवाल का? कसं चालायचं, काय सांगायचं, काय नाही सांगायचं, हे तुम्हीच त्यांना शिकवा. या वेळी प्रत्येकाचं मानधन आधी ठरवू आणि तुम्ही नाही म्हणायचं नाही. तारखेचा फोन तीच करेल.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
सांगलीची एक भाची